रेडवुडचं जंगल बघायचं तर आधी नदी निवडा

रेडवुड, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची ती उंचच उंच झाडं, बघायला आलेली माणसं साधारण एकच गोष्ट करतात. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, मान मागे टाकायची, "बापरे" म्हणायचं, बुंध्याला टेकून फोटो काढायचा आणि पुढच्या झाडाकडे निघायचं. दुपारपर्यंत मान आखडते आणि सगळी झाडं सारखीच दिसायला लागतात. मुलगा कॅलिफोर्नियात असल्यामुळे आमचं तिकडे जाणं-येणं असतं, आणि कोणी पाहुणे आले की त्यांना उत्तरेकडे फिरवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडतं. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. गाळ, पूररेषा आणि नदीची वळणं यापलीकडे मला फारसं कळत नाही, झाडांतलं तर नाहीच. पण या जंगलाला तेवढं भांडवल पुरतं, असा माझा अनुभव आहे.

माझं सांगणं एवढंच, की झाडांची यादी घेऊन फिरू नका. नदी निवडा आणि तिच्या काठाने जंगल बघा.

मोठी झाडं मळईतच का

कोस्ट रेडवुड हे जगातलं सगळ्यात उंच झाड. ओरेगॉनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून बिग सरच्या दक्षिणेपर्यंत, समुद्राला धरून गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात ते वाढतं, आणि नैसर्गिकरीत्या जगात दुसरीकडे कुठेही नाही. सिएरा नेवाडाच्या डोंगरातलं जायंट सिकोया हे वेगळं झाड. ते बुंध्याने अवाढव्य, पण उंचीला रेडवुडपेक्षा कमी. दोन्हींची गल्लत करून लोक योसेमिटीच्या दिशेला गाडी मारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एकेकाळी रेडवुडचं जंगल सुमारे २० लाख एकरांवर होतं. सोन्याच्या शोधात माणसं आली, पाठोपाठ करवती आल्या, आणि आता मूळचं, कधीच न तोडलेलं जंगल त्यातलं जेमतेम ५ टक्के उरलंय. म्हणजे हायवेवरून जे हिरवंगार दिसतं त्यातलं बहुतेक तोडीनंतर पुन्हा उगवलेलं. जुनं जंगल तुकड्यातुकड्यांत आहे, आणि त्यातले भव्य तुकडे बहुतेक नदीच्या किंवा ओढ्याच्या सखल काठावर आहेत.

त्याचं कारण पूर. नदी वळणावर मंदावते, सोबत आणलेला गाळ काठावर टाकते आणि मळई तयार होते. रेडवुडची मुळं खोल जात नाहीत, उथळच राहून लांबवर पसरतात. पुराने त्यांच्यावर फूटभर गाळ टाकला तर दुसरं एखादं झाड गुदमरून मरेल. रेडवुड मात्र गाडल्या गेलेल्या बुंध्यातूनच नवी मुळं फोडतं आणि वरच्या ताज्या मातीत पसरवतं. पुढचा पूर आला की पुन्हा तेच. अशा किती तरी पुरांनी बाकीच्या झाडांना मागे सारलं, म्हणून मळईवर जवळजवळ निव्वळ रेडवुडच दिसतात. डोंगराच्या अंगावर गेलात की डग्लस फर, हेमलॉक, टॅनओक अशी मिसळ सुरू होते.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर बुंधा जमिनीला मिळतो तिथे नजर टाका. उतारावरच्या जुन्या झाडाचा तळ पसरट, फुगलेला असतो. मळईतली कित्येक झाडं मात्र खांब ठोकल्यासारखी सरळ जमिनीत शिरलेली दिसतात, कारण पसरट भाग कधीच गाळाखाली गेलेला असतो. एकदा हे ओळखता आलं, की पाटी न वाचताही तुम्ही पूर येणाऱ्या जमिनीवर उभे आहात की नाही ते सांगू शकाल.

पहिली नदी: साउथ फोर्क ईल आणि बुल क्रीक

सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ हायवेने साधारण चार तासांत हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्क येतं. १०१ सोडून जुन्या रस्त्याला लागा, त्याला अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स म्हणतात. हा ३१-३२ मैलांचा रस्ता ईल नदीला धरूनच जातो आणि पैसे पडत नाहीत. मायर्स फ्लॅट, वीऑट अशी चिमुकली गावं लागतात. वीऑटला रस्त्याच्या कडेला १९६४ च्या पुराची पातळी दाखवणारा खांब आहे, तिथे उतराच. रस्त्यावर उभं राहून वर बघायचं, आणि नदी खाली कुठे वाहतेय ते बघायचं. पूररेषा कागदावर आखण्यात आयुष्य घालवलं, पण त्या खांबापाशी मीसुद्धा गप्प होतो.

पुढे फाउंडर्स ग्रोव्ह (ग्रोव्ह म्हणजे झाडांची राई). अर्ध्या मैलाची सपाट फेरी आहे, वडीलधाऱ्यांना सहज जमते. इथे डायरव्हिल जायंट नावाचं झाड आडवं पडलंय. मार्च १९९१ मध्ये ते कोसळलं, तेव्हा उंची ३६० फुटांहून जास्त होती. उभ्या रेडवुडची उंची माणसाच्या डोळ्यात मावत नाही. आडव्याच्या कडेने पावलं मोजत गेलात की ती पायांना कळते. मुळाकडच्या टोकाला आवर्जून जा आणि एवढ्या मोठ्या झाडाची मुळं किती कमी खोल होती ते बघा. त्याच्यावर चढू मात्र नका. पडलेलं झाड म्हणजे या जंगलाची रोपवाटिका आहे. त्याच्या पाठीवर नेचे, हकलबेरी आणि हेमलॉकची रोपं उगवलेली असतात आणि बुटांखाली ती साफ होतात.

खरा ऐवज मात्र मॅटोल रोडवर आहे. अ‍ॅव्हेन्यूवरून हा अरुंद रस्ता बुल क्रीक ओढ्याच्या काठाने आत जातो. रॉकफेलर फॉरेस्ट तो हाच: सुमारे १०,००० एकरांचं, जुन्या रेडवुडचं जगात उरलेलं सगळ्यात मोठं सलग जंगल. १९१८ साली स्थापन झालेल्या सेव्ह द रेडवुड्स लीगने जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या देणगीतून ही जमीन लाकूड कंपनीकडून विकत घेतली. रॉकफेलर लूप ही छोटी फेरी आहे. ती झाल्यावर परत न फिरता ओढ्याच्या काठाची वाट धरा. गर्दी पार्किंगपासून पाच मिनिटांतच संपते.

चालता चालता ओढ्याचं पात्र बघत राहा. ते ओढ्याच्या मानाने अंमळ जास्तच रुंद आणि गोट्यांनी भरलेलं आहे. खालची मळई वाचवली होती, पण वरचं पाणलोट क्षेत्र लाकूड कंपन्यांच्या हातात राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली झाडं सपाटून तोडली गेली. १९५५ च्या डिसेंबरात अतिवृष्टी झाली, उघडे डोंगर खाली आले, पात्र दगडमातीने भरलं, पाणी काठ कापत सुटलं आणि शेकडो वर्षं उभी असलेली झाडं शेकड्यांनी ओढ्यात पडली. नंतर वरचं खोरंही पार्कात घेतलं गेलं. पाणलोटात काय चाललंय ते न बघता खाली काठ बांधत बसण्याचा प्रकार आम्ही नोकरीत भरपूर पाहिलाय. त्यामुळे बुल क्रीकला मी पाहुण्यांना जरा जास्तच वेळ थांबवतो. ते वैतागतात.

उंची मोजायची तर पात्रात उतरा

जंगलाच्या आत उभं राहून रेडवुड अख्खं कधीच दिसत नाही. पहिली फांदीच कुठे तरी शंभर-दीडशे फुटांवर, शेंडा तर पार दृष्टीआड. नदीच्या पात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यावर उतरलात, समोरच्या काठाकडे वळलात, की बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाडांची सबंध भिंत एका नजरेत येते. जुन्या झाडांचे शेंडे वाळलेले, मोडलेले, आणि त्याच्या खालून नवे दोन-तीन शेंडे सरळ वर निघालेले असतात. ते रूप आतून बघायला मिळत नाही.

पात्रात आणखी एक उद्योग करता येतो, मुलांना फार आवडतो. एक सरळ काडी घ्या. हात समोर ताठ करा आणि डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर आहे तेवढीच काडी मुठीच्या वर राहील अशी ती उभी धरा. आता झाडाकडे तोंड करून मागे मागे सरकत जा, जोवर झाडाचा तळ मुठीशी आणि शेंडा काडीच्या टोकाशी जुळत नाही तोवर. जुळलं की तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची, पावलांनी मोजा. ३३० फुटी झाडासाठी ३३० फूट मोकळी, सपाट जागा लागते, आणि या मुलखात ती नदीच्या पात्राशिवाय क्वचितच मिळते. साउथ फोर्कचे गोट्यांचे पट्टे त्यासाठी उत्तम. मागे सरकताना पायाखाली बघणारा एक माणूस सोबत ठेवा.

उन्हाळ्याच्या शेवटी साउथ फोर्कचं पाणी कमी होतं, कोमट होतं, आणि त्यात विषारी नील-हरित शेवाळ धरू शकतं. काठावर धोक्याची पाटी असेल तर पाण्यात उतरू नका, लहान मुलांना तर अजिबात सोडू नका. कुत्री असं पाणी पिऊन मेल्याच्या घटना या नदीवर घडलेल्या आहेत.

रेडवुड क्रीक आणि प्रेअरी क्रीक

युरेका आणि आर्केटा मागे टाकून ऑरिकला पोचलात की रेडवुड नॅशनल पार्क सुरू होतं. नॅशनल पार्कला प्रवेश फी नाही. टॉल ट्रीज ग्रोव्ह रेडवुड क्रीकच्या वळणात, अगदी पाठ्यपुस्तकी मळईवर आहे. १९६३ मध्ये इथल्याच एका झाडाची उंची ३६७ फूट भरली आणि ते तेव्हाचं जगातलं सर्वांत उंच झाड ठरलं. त्यानेच पुढे १९६८ साली नॅशनल पार्क व्हायला जोर मिळाला. तिथे जायला मोफत परमिट लागतं. ते आधी ऑनलाइन घ्यायचं, आणि गेटच्या कुलपाचा कोड त्याबरोबर मिळतो. गेटनंतर कच्चा रस्ता, मग सुमारे ८०० फूट खाली उतरणारी पायवाट. उतरताना सगळे खूश असतात. परत चढायचंय हे गुडघ्यांना आधीच सांगून ठेवा.

इथेही बुल क्रीकचीच गोष्ट घडत होती: वर तोड, खाली गाळ. १९७८ साली पार्क वाढवून वरचे तोडलेले डोंगर त्यात घेतले आणि लाकूडतोडीचे जुने रस्ते यंत्रांनी उखडून, ओढ्यांत भरलेली माती काढून, उतार पूर्ववत करायचं काम सुरू झालं. रस्ते उखडण्यासाठी इंजिनिअर नेमतात हे मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

वेळ कमी असेल तर टॉल ट्रीज सोडा आणि प्रेअरी क्रीकला जा. न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे हा १० मैलांचा रस्ता जुन्या जंगलातून जातो, आणि व्हिजिटर सेंटरजवळून निघणाऱ्या वाटा ओढ्याच्या काठाने, सपाट आहेत. मोकळ्या गवतात रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं चरत असतात. दिसायला गरीब वाटले तरी निदान २५ यार्ड लांब राहा, विशेषतः माद्यांबरोबर पिल्लं असताना आणि शरदात नर माजावर आल्यावर. फर्न कॅन्यनला जायचं असेल तर १५ मे ते १५ सप्टेंबरमध्ये आधी परमिट काढावं लागतं. दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांवर नेच्यांचे पडदे आणि मधून पायांखाली वाहणारा ओढा आहे, त्यामुळे बूट भिजणारच.

हायपेरियन नावाचं सुमारे ११६ मीटर उंचीचं, सध्याचं सर्वांत उंच झाड रेडवुड नॅशनल पार्कातच आहे. ते शोधू नका. तिकडे वाट नाही, लोकांच्या पावलांनी भोवतालची झाडी आणि माती तुडवली गेली म्हणून तो भाग बंद केलाय, आणि पकडले गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते. शिवाय खालून बघताना ११६ मीटर आणि १०५ मीटर यांतला फरक तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही.

स्मिथ नदी

मला एकच दिवस दिला तर मी स्मिथवर जाईन. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या नदीखोऱ्यांपैकी मुख्य प्रवाहावर आणि फाट्यांवर एकही धरण नसलेलं हे खोरं. धरणं बांधणाऱ्या खात्यातल्या माणसाने हे म्हणावं याचं घरच्यांना हसू येतं. ईल नदी पावसानंतर कितीतरी दिवस गढूळ राहते. स्मिथ त्या मानाने फार लवकर निवळते, कारण तिचं खोरं बरंचसं कठीण खडकाचं आहे, सुटी माती कमी. उन्हाळ्यात तिचे डोह पाचूसारखे हिरवे-निळे असतात आणि खालचा दगड न् दगड दिसतो. पाणी मात्र गार, फार वेळ पाय ठेववत नाही.

क्रेसंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कात स्टाउट ग्रोव्ह आहे, फक्त ४४ एकर. क्लारा स्टाउट यांनी १९२९ साली, लाकूड व्यवसायातल्या आपल्या पतीच्या, फ्रँक स्टाउट यांच्या स्मरणार्थ ती दिली. मिल क्रीक स्मिथला मिळतो तिथली ही मळई. पुराने खालचं झुडूप साफ ठेवलंय, त्यामुळे नेच्यांचा गालिचा आणि त्यातून वर गेलेले बुंधे, मध्ये आडकाठी काही नाही. दुपार कलल्यावर जा. उतरतं ऊन बुंध्यांच्या मधून तिरपं आत येतं. मग दहा पावलं खाली नदीवर जाऊन बसा.

जायचे दोन मार्ग आहेत. एक हाउलँड हिल रोड, कच्चा आणि अरुंद, पण साधी गाडी सावकाश जाते. मोठी मोटरहोम नेऊ नका. दुसरा कॅम्पग्राउंडमधून नदीवर घातलेला लाकडी पूल. हा पूल फक्त उन्हाळ्यापुरता असतो, पावसाळ्याआधी काढून घेतात. बुल क्रीक आणि रेडवुड क्रीकवरचे साकवही तसेच. नकाशावर पूल दिसतो म्हणून नोव्हेंबरात जाल तर काठावर उभे राहाल. पार्कच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या.

कधी जायचं, काय न्यायचं

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पाऊस नाही, पण समुद्रावरून धुकं येतं, पानांवर जमतं आणि टपटपत खाली पडतं. झाडं त्यावर उन्हाळा काढतात. किनाऱ्यावर धुकं असताना आतल्या बाजूला, बुल क्रीकला किंवा हियुची गावापाशी, लख्ख ऊन असू शकतं. म्हणून जाड कपडा हाताशी ठेवा आणि दिवसाचा बेत सकाळी बाहेर बघून ठरवा. धुकं असेल तर डोंगरमाथ्यावरच्या लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हला जा. मे-जूनमध्ये तिथे धुक्यात गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले मिळतात. ऊन असेल तर नदी. ऑक्टोबर माझा आवडता, ओढ्याकाठचे मेपल पिवळे झालेले असतात आणि गर्दी ओसरलेली असते. पहिला मोठा पाऊस पडला की सॅमन मासे समुद्रातून वर चढायला लागतात.

फोटो काढायचे तर ढगाळ दिवस सोन्यासारखा. कडक उन्हात जंगलात नुसते पांढरे-काळे चट्टे येतात. ओल्या पानांची चमक मारायला भिंगावर पोलरायझर फिल्टर लावा, झाडाचा आकार कळावा म्हणून कोपऱ्यात एक माणूस उभा करा, आणि आकाश चौकटीबाहेर ठेवा. ड्रोन नॅशनल पार्कात चालत नाही.

खाली बघायलाही वेळ द्या. सावलीत तीन पाकळ्यांच्या पानांचा हिरवा थर असतो, तो रेडवुड सॉरेल, आपल्या आंबुशीच्याच कुळातला. उन्हाचा कवडसा सरकत त्याच्यावर आला की काही मिनिटांत तिन्ही दलं छत्री मिटावी तशी खाली वळतात. कवडसा पुढे गेला की पुन्हा उघडतात. आमची ही तिथे बसून राहते आणि मी घड्याळ बघत असतो. शेजारीच पिवळी, बोटाएवढी बनाना स्लग, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, सापडेल. तीन-तीन चकचकीत पानांचं दुसरं एक झुडूप मात्र, विशेषतः उन्हाच्या कडेला, पॉयझन ओक असू शकतं. त्याला हात लावू नका. काय कुठलं ते ओळखू येत नसेल तर वाट सोडू नका. तसंही वाट सोडल्याने मुळांवरची माती दबते.

मोबाइलला बऱ्याच भागात रेंज नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल गार्बरव्हिल, युरेका किंवा क्रेसंट सिटीला भरून घ्या. कॅम्पग्राउंडमध्ये राहायचं असेल तर स्टेट पार्कचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्याच्या जागा लगेच जातात. तीन दिवस असतील तर पहिली रात्र अ‍ॅव्हेन्यूवर, दुसरी आर्केटा किंवा ऑरिकच्या बाजूला, तिसरी क्रेसंट सिटीत.

ऑरिकहून क्रेसंट सिटीला जाताना क्लॅमथ नदी ओलांडता. तिच्या वरच्या भागातली चार धरणं २०२४ मध्ये पाडून झाली. नदीच्या मुखाचा मुलूख युरोक या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचा, आणि या धरणांविरुद्ध ते कित्येक वर्षं लढले. मुखावरच्या डोंगरात क्लॅमथ ओव्हरलुक आहे, तिथून नदी समुद्राला मिळताना दिसते. त्यानंतर लास्ट चान्स ग्रेड लागतो. इथे अख्खा डोंगर समुद्राकडे सरकतोय आणि रस्ता सतत दुरुस्तीत असतो. डोंगराच्या पोटातून बोगदा काढायचा बेत आहे, पण तो होईपर्यंत कामामुळे मध्येच थांबावं लागू शकतं. स्टाउट ग्रोव्हला उतरतं ऊन गाठायचं असेल तर या टप्प्यासाठी अर्धा तास जादा धरून निघा.